दगडी वाडा: वारसा कुणाचा, वजन कुणाच्या डोक्यावर?

गावाकडच्या एखाद्या जुन्या दगडी वाड्याचा फोटो मोबाईलवर येतो. काळ्या पाषाणाचे जोते, कमानीचा दरवाजा, दारावर लोखंडी खिळे, आत चौक. फोटोखाली ठरलेले शब्द असतात: ‘आपला वारसा’, ‘गेले ते वैभव’, ‘काय मजबूत बांधायची तेव्हाची माणसे!’ आपल्या वस्तीतली मुलेही तो फोटो कौतुकाने पुढे पाठवतात. दगडावरची कलाकुसर सुंदर असते, त्यामुळे कौतुक वाटण्यात गैर काही नाही. पण अशा वेळी आम्ही त्या मुलांना एकच प्रश्न विचारतो: या वाड्यात तुझा पणजोबा कुठपर्यंत गेला होता?

हा टोमणा नाही, इतिहासाचा प्रश्न आहे. उत्तर कुठे दरवाजापर्यंत, कुठे दरवाजासमोरच्या पिंपळापर्यंत, तर कुठे मागच्या बाजूने गोठ्यापर्यंत, आणि तेही मेलेले ढोर ओढायला, असे येते. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत किंवा चौकातल्या आडापर्यंत असे उत्तर येत नाही. मग ‘आपला वारसा’ या शब्दांतल्या ‘आपला’ या शब्दाचा अर्थ काय?

आमचे म्हणणे सरळ आहे. ग्रामीण महाराष्ट्रातला दगडी वाडा हा जातिव्यवस्थेचा दगडात लिहिलेला दस्तऐवज आहे. दस्तऐवज जाळायचा नसतो, वाचायचा असतो. आजवर तो वाचला मालकाच्या बाजूने. आता तो दगड वाहणाऱ्याच्या बाजूने वाचला पाहिजे.

आधी वाडा वाचूया

लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड, नांदेड हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवू. जमिनीखाली बहुतेक ठिकाणी लाव्हारसापासून बनलेला काळा कातळ. त्यामुळे दगडाला तोटा नाही. लाकूड मात्र कमी, पाऊस बेताचा आणि उन्हाळा भाजून काढणारा. या हवामानातून इथले घर घडले: जाड दगडी भिंती आणि वर मातीचे सपाट छप्पर, म्हणजे माळवद.

भिंत दोन पदरांची असते. बाहेरचा पदर आणि आतला पदर दगडांचा, मधली पोकळी कपच्या, खडी आणि माती टाकून भरलेली. श्रीमंताच्या घरी बाहेरचा दगड टाकीने घडवलेला, सांधा असा की त्यात पाते जाऊ नये. साध्या घरात ओबडधोबड दगड, मातीत बसवलेला. भिंतीची रुंदी दोन हात, कुठे तीन हात. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर केवढे, हे खणांवरून सांगायचे. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातो. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, याबद्दल त्याची स्तुती होते आणि ती खरी आहे. पण ती माती दर वर्षी कुणी वाहिली?

गढी म्हणजे याच घराचे मोठे रूप. पाटलाची, देशमुखाची, कुठे जहागीरदाराची. गावातल्या उंच जागी घडीव दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या प्रचंड भिंती, कोपऱ्यांना बुरूज. दरवाजा हत्ती जाईल एवढा, पण त्यात रोजच्या वापराची छोटी दिंडी, म्हणजे आत येणाऱ्याने मान वाकवूनच यायचे. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. त्याला लागून ढेळज, जिथे गावचा कारभार चालायचा. पुढे चौक, चौकाच्या चारी बाजूंना ओसरी, त्यामागे माजघर, त्याहून आत देवघर आणि स्वयंपाकघर. धान्याला बळद आणि जमिनीखाली पेव. मोठ्या वाड्यात चौकातच आड, म्हणजे घरच्या बायकांना पाण्यासाठी उंबरठा ओलांडायला नको.

हा नकाशा नीट पाहा. बाहेरून आत जाताना एकेक उंबरठा लागतो आणि प्रत्येक उंबरठ्यावर एकेक जात थांबते. कुणी ढेळजेत बसतो, कुणी ओसरीच्या कडेला टेकतो, कुणी चौकात उभा राहतो, कुणी दाराबाहेर ‘जोहार’ घालतो. देवघराच्या जवळ कोण जाणार आणि दरवाजाच्या बाहेर कोण राहणार, हे आधी ठरलेले आहे. त्यानुसार भिंती उठल्या आहेत. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात याला ‘खासगी आणि सार्वजनिक जागेची सुंदर मांडणी’ म्हणतात. आम्ही त्याला पायऱ्यांची विषमता म्हणतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन चढत्या आदराची आणि उतरत्या तिरस्काराची व्यवस्था असे केले. त्या वर्णनाचा घराच्या रूपातला नकाशा पाहायचा असेल, तर वाडा पाहावा.

आणि वाड्याच्या आत बंद असलेल्यांनाही विसरू नका. चौकातला आड ही जशी सोय होती, तशीच ती तिथल्या बाईवरची बंदी होती. जातीची शुद्धता राखायची तर स्त्रीला कोंडावे लागते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते. वाड्याची भिंत आमच्या आजीला बाहेर ठेवत होती आणि पाटलिणीला आत ठेवत होती. भिंत एकच होती.

पांढरी आणि काळी

मराठी गावाच्या भाषेत दोन शब्द आहेत: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. काळीत ज्याची जमीन मोठी, त्याचे पांढरीतले घर उंच. आणि ज्याला पांढरीतच जागा नाही, तो गावकुसाबाहेर.

गावकूस हीसुद्धा दगडामातीचीच भिंत. वाडा हे त्या भिंतीच्या आतले शेवटचे टोक, महारवाडा आणि मांगवाडा हे बाहेरचे. वाड्याचा इतिहास लिहायचा आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचा नाही लिहायचा, हे अर्धे खत वाचून सही करण्यासारखे आहे.

अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न किरकोळ समजून इतिहासकारांनी सोडून दिला होता. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तो इतिहासाचा मूळ प्रश्न म्हणून हाती घेतला. वस्तीची जागा हाच त्यांनी पुरावा मानला. टोळ्यांच्या लढायांत वाताहत झालेली माणसे, स्थिर झालेल्या वस्तीच्या वेशीवर राखणदार म्हणून राहिली आणि पुढे बौद्ध धम्म सोडला नाही म्हणून अस्पृश्य ठरवली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, होत राहतील. आपण त्यातून घ्यायची ती पद्धत. घर कुठे आहे, कोणत्या दिशेला आहे, कशाचे आहे, हा इतिहासाचा पुरावा असतो.

महात्मा फुल्यांनीही तेच केले होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या घराचे आतून-बाहेरून वर्णन केले आहे. राज्यकर्ते कागदावर काय लिहितात ते सोडा, शेतकऱ्याच्या घरात शिरून पाहा, असा त्याचा अर्थ. आपल्या महापुरुषांनी घर वाचायला शिकवले आहे. आपण मात्र घराचे फोटो काढायला शिकलो.

दगड कुणी फोडला?

आता भिंतीतला एक दगड घेऊया. तो खाणीतून वाड्याच्या कोपऱ्यात कसा आला?

तो फोडला वडाराने. कातळाची नस ओळखायची, त्या रेषेवर छिन्नीने ओळीने भोके पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या आणि घणाचे घाव असे घालायचे की दगड हवा तिथेच दुभंगावा. हे ज्ञान आहे. अंदाज चुकला तर दगड वाया, घाव चुकला तर डोळा वाया. पाथरवटाने तो टाकीने घडवला. मांगाने वळलेल्या दोरांनी तो बांधला, ओढला. लोहाराने छिन्नीला धार लावली, सुताराने तुळया चढवल्या. जिथे चुना वापरला तिथे चुनखडी भाजली गेली, बैलांच्या घाण्यात चुना मळला गेला. आणि माती, पाणी, गवत, लाकूड वाहण्याचे, निरोप नेण्याचे, रात्री राखण करण्याचे काम महाराच्या वाट्याला आले.

यातल्या बलुतेदारांना खळ्यावर धान्य मिळायचे. पण महाराच्या कामाला मोजमाप नव्हते. वतनाच्या नावाखाली थोडीशी जमीन आणि थोडेसे बलुते, त्याच्या बदल्यात रात्रंदिवस हाक येईल तेव्हा हजर. सरकारचे काम, गावाचे काम आणि पाटलाच्या घरचे काम यांत रेष नाही. वतनदार महार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला धरून नेत. म्हणजे एका माणसाच्या नावावर सारे कुटुंब वेठीला. हे वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. मराठवाडा तर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे जहागीरदार, देशमुख आणि पाटील यांच्या गढ्यांची सावली आणखी लांब होती.

वाड्याच्या दरवाजावर गणपती कोरलेला असतो. कुठे मालकाचे नाव आणि शक असतो. दगड घडवणाऱ्याचे नाव क्वचितच दिसते, वाहणाऱ्याचे तर नाहीच. ज्या वडारांनी महाराष्ट्राचे किल्ले, घाट, विहिरी आणि वाडे फोडलेल्या दगडांतून उभे केले, तो समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि त्यातली किती तरी कुटुंबे अजूनही पालात राहतात. दगडाची घरे बांधणाऱ्याला दगडाचे घर नाही. यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा?

भिंतीखालची माणसे

दगडी बांधकामाच्या कथांमध्ये एक कथा सारखी येते. बुरूज उभा राहत नाही, सारखा ढासळतो. मग दृष्टान्त होतो, नरबळी मागितला जातो. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाबद्दल अशीच कथा सांगतात. पायात जिवंत गाडली गेली ती नाथनाक आणि देवकाई ही महार जोडी. हे घडले तसेच घडले का, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. आम्हाला त्या कथेतला समाज दिसतो. बुरुजाला बळी हवा तेव्हा तो कुणाच्या घरचा द्यायचा, याबद्दल कथा सांगणाऱ्याच्या मनात शंकाही नाही.

दुसरी गोष्ट संत चोखामेळ्यांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालले होते. त्या कामावर इतर महारांबरोबर चोखोबाही होते. कूस कोसळले आणि ती सगळी माणसे ढिगाऱ्याखाली मेली. साल १३३८ सांगितले जाते. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, तीच भिंत बांधताना ते मेले. वारकरी परंपरा पुढची गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगते: नामदेवांनी हाडे कानाला लावली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात समाधी बांधली. समाधी कुठे? मंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीशी. मेल्यावरही उंबरठ्याबाहेरच.

त्या ढिगाऱ्यात चोखोबांबरोबर मेलेल्या इतर महारांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांच्या हाडांतून काय ऐकू येत होते, हे कुणी कान लावून ऐकले नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. गावकुसाच्या इतिहासावरचा ग्रंथ गावकुसाखाली मेलेल्या माणसाला अर्पण, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

आमची जुनी घरे कुठे गेली?

कुणी विचारतो, ‘वाडे आमच्या पूर्वजांनी बांधले आणि टिकवले. तुमच्या पूर्वजांची अशी जुनी घरे का नाहीत?’ प्रश्न साळसूद आहे. उत्तर बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या ५व्या खंडात खेड्यातल्या अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी आहे. वस्ती गावापासून वेगळी हवी आणि ती दक्षिणेला हवी, कारण दक्षिण दिशा अशुभ. अस्पृश्याने जमीन, गुरे यांसारखी संपत्ती मिळवणे हा गुन्हा. स्वच्छ कपडे, पायात जोडा, अंगावर सोने हा गुन्हा. आणि घरावर कौले घालणे हाही गुन्हा. विचार करा. ज्या समाजाने कौल घातले तरी गाव अंगावर येत होते, त्या समाजाकडे दोनशे वर्षांचा वाडा मागायचा!

आमची घरे कुडाची होती. तुरकाट्या, पऱ्हाट्या, बांबू यांचा कूड, त्याला शेणामातीचे लिंपण, वर गवत किंवा पाचट. असे घर पावसाळ्यामागून पावसाळा पुन्हा उभे करावे लागते. त्यातही कौशल्य होते, नक्षी होती, बायकांच्या हातांची बोटे लिंपणात उमटलेली होती. पण ते टिकत नाही. आणि आपल्या देशात वारसा कशाला म्हणायचे? १९५८ सालच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान १०० वर्षे अस्तित्वात असावी लागते. कायदा जात विचारत नाही, फक्त वय विचारतो. पण ज्यांना टिकाऊ घर बांधूच दिले नाही, त्यांच्या घराला वय येणार कुठून? जातीने साहित्य ठरवले, साहित्याने आयुष्य ठरवले, आयुष्याने वारसा ठरवला. शेवटी कागदावर दिसते ते असे की एका समाजाला इतिहास आहे आणि दुसऱ्याला नाही.

आणि जे उभे राहिले तेही जाळले गेले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे पेटवली गेली, माणसे मारली गेली. गवताचे छप्पर पेटायला एक काडी पुरते. वाडा असा पेटत नाही. घर कशाचे आहे यावर माणूस किती सुरक्षित आहे हे ठरते, आणि घर कशाचे असावे हे जात ठरवत होती.

किल्लारी: दगड कोसळला तेव्हा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत दगडांचे ढीग झाली. आठ ते दहा हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४च्या दरम्यान होती. एवढ्या तीव्रतेला एवढे मृत्यू का?

अभियंत्यांनी कारण शोधले ते दगडी घरातच. मातीत रचलेली दोन पदरी भिंत, दोन पदरांना सांधणारे आरपार दगड नाहीत, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. हादरा बसला की दोन्ही पदर फाकतात आणि भिंत उलगडून पडते. वर वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा थर, कुठे फूटभर तर कुठे दोन फूट. अनेक ठिकाणी आतली लाकडी खांबांची चौकट उभी राहिली आणि भिंती माणसांवर आल्या. ‘काय मजबूत बांधायची तेव्हाची माणसे’ म्हणणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. वजन म्हणजे मजबुती नव्हे.

हलक्या छपराच्या झोपडीत दबून मरण्याचा धोका कमी होता, हेही खरे. पण यात समाधान मानणारा माणूस आंबेडकरवादी असूच शकत नाही. मेलेल्यांत सगळ्या जातींची माणसे होती, आपलीही होती. ज्यांच्या हाती दोन पैसे आले, त्यांनी आपल्या वस्तीतही हौसेने दगडी भिंत उभी केली होती. दगड म्हणजे प्रतिष्ठा हे वाड्याने शिकवले होते आणि तो धडा आपणही गिरवला होता.

पुढचा भाग मात्र तरुणांनी लक्ष देऊन वाचावा. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी बसवली गेली. निसर्गाने जुने गावकूस, गढी, महारवाडा सगळे एका रात्रीत सपाट केले होते. कोऱ्या कागदावर नवे गाव आखायची संधी होती. घरे कशी वाटली? जमिनीवरून. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट.

भूमिहीनालाही पक्के घर मिळाले, ही मोठी गोष्ट होती आणि ती आम्ही नाकारत नाही. पण निकष पाहा. घरातली माणसे किती, हा निकष नाही. काळीत जमीन किती, हा निकष. ज्यांच्या आज्या-पणज्यांना जमीन धरणे हाच गुन्हा होता, त्यांचे नवे घर त्याच कारणाने सर्वांत लहान. ‘काळीत ज्याची जमीन मोठी, त्याचे पांढरीतले घर उंच’ हा जुना नियम सिमेंटमध्ये पुन्हा लिहिला गेला. त्यात कुणाची दुष्ट बुद्धी असेलच असे नाही. व्यवस्थेला दुष्ट माणूस लागतच नाही, जुना सातबारा पुरतो. भूकंपाने वाडा पाडला, पण वाड्याचा नकाशा तसाच राहिला.

याच मराठवाड्यात, भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या लढ्याने दगडी कमानीवर आमच्या बापाचे नाव लागले. ज्या प्रदेशात आमच्या लोकांना दिंडीतून मान वाकवूनही आत जाता येत नव्हते, तिथे त्या कमानीखालून लाखो मुले मान ताठ करून आत गेली. दगडाचा अर्थ बदलता येतो, तो असा.

मग वाडे पाडायचे का?

हा आक्षेप हमखास येतो, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. नाही. पुरावा नष्ट करणे हे गुन्हेगाराचे काम असते, फिर्यादीचे नाही.

दुसरा आक्षेप: ‘आज त्या वाड्यांचे मालक कर्जात आहेत, वाटण्या झाल्या, भिंती पडल्या, पोरे पुण्याला गेली.’ खरे आहे. आजच्या मालकाशी आमचे भांडण नाही. त्याच्या ओसरीवर बसून आम्ही चहा पिऊ, त्याने प्रेमाने दिला तर. भांडण आहे ते त्या वाड्याच्या सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीशी. वाडा पर्यटकांसाठी रंगवला जातो, पाहुण्यांना पितळी ताटात जेवण वाढले जाते, माहिती सांगणारा ढेळज दाखवतो, बळद दाखवतो, नक्षी दाखवतो. वेसकर कुठे उभा राहायचा, हे तो दाखवत नाही. या गाळलेल्या ओळीशी आमचे भांडण आहे.

तिसरा आक्षेप: ‘तो काळच तसा होता.’ काळ तसा नव्हता, माणसांनी तसा ठेवला होता. त्याच काळात, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. वाड्याच्या आत पाणी होते आणि मालकाने ते दिले. म्हणजे देता येत होते. आणि १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा दाराशीच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला. शेवटी ‘किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही’ या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना आत सोडले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दगड पाहायला परवानगी, पाण्याला शिवायला मनाई. दोन्ही हौद दगडीच होते, फरक मालकाच्या मनाचा होता.

आता काम

लेख वाचून ‘जय भीम’ लिहिले आणि पुढे सरकलो, असे होऊ नये. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत.

एक, गावाचा नकाशा काढा. जुने गावकूस कुठून जात होते, गढी कुठे, आपली वस्ती कोणत्या दिशेला, आपल्याला बंद असलेली विहीर कोणती, ज्यावर आपले पाणी होते ते ठिकाण कोणते. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये घेतला, तो योग्यच आहे. पाटीवरून नाव जावे, पण वहीतून जाऊ नये. नाहीतर उद्या ‘असे काही नव्हतेच’ म्हणणारे तयार आहेत.

दोन, घराचा कागद पाहा. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना २०२०पासून सुरू आहे. आपल्या वस्तीतल्या किती घरांना पत्रक मिळाले, किती घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर म्हणून किंवा गायरानावर म्हणून सुटली, घरातल्या बाईचे नाव लागले का, हे विचारा. गावकूस पडले, पण गावठाणाची हद्द ही कागदावरची कूस आहे. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह ज्या प्रश्नासाठी झाला, तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

तीन, गावातला वाडा शासनाच्या किंवा लोकवर्गणीच्या पैशाने दुरुस्त होत असेल, तर तिथल्या माहितीफलकावर दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या आणि वाहणाऱ्या समाजांचा उल्लेख असावा, असा ठराव ग्रामसभेत मांडा. ठराव हाणून पाडला तरी इतिवृत्तात नोंद राहते.

चार, आणि हे सर्वांत आधी करा. वस्तीतली ऐंशीच्या पुढची आजी किंवा आजोबा गाठा. त्यांना वाड्याच्या समोर न्या आणि विचारा, ‘तुम्हाला कुठपर्यंत जाता येत होते?’ त्या जागेपासून दरवाजापर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. दहा पावले असतील, वीस असतील, चाळीस असतील. आकडा, गावाचे नाव, तारीख आणि त्या माणसाचे शब्द वहीत लिहून ठेवा. दगड आणखी शंभर वर्षे टिकेल. ती आजी तेवढी टिकणार नाही.

जय भीम.